लोनवर जाऊ की बेंचवर थांबू?

प्रश्न : मी २० वर्षांचा फुटबॉलपटू, सेंटर-बॅक (बचावफळीच्या मधला खेळाडू) आहे. उंची १७८ सेंटिमीटर, उजवा पाय. पहिल्या डिव्हिजनच्या क्लबच्या राखीव संघात खेळतो. या मोसमात मुख्य संघाकडून तीनच सामने मिळाले, तेही बदली खेळाडू म्हणून. सगळी मिळून ६४ मिनिटं. तिसऱ्या सामन्यात माझ्या डोक्यावरून लांब पास आला, स्ट्रायकर निसटला आणि मी बॉक्समध्ये त्याचा शर्ट ओढला. पेनल्टी आणि लाल कार्ड, दोन्ही मिळालं. सहकारी म्हणतात, ही दुहेरी शिक्षा आता बंद झाली आहे. म्हणजे माझ्यावर अन्याय झाला का? त्यानंतर कोच म्हणू लागले, 'सेंटर-बॅकसाठी तू बुटका आहेस, राइट-बॅक, म्हणजे उजव्या कडेचा बचावपटू हो.' उंचीची कसर भरून काढायला मी रोज सरावानंतर ५० हेडर मारतो, म्हणजे ५० वेळा डोक्याने चेंडू मारतो. माझ्या कराराचं एक वर्ष उरलंय. क्लब आणखी तीन वर्षं आणि वर एक वर्षाचा पर्याय असा करार देतोय आणि दोन आठवड्यांत उत्तर मागतोय. दुसऱ्या डिव्हिजनचा एक क्लब पुढच्या मोसमासाठी मला लोनवर मागतोय, म्हणजे करार इथलाच राहील, खेळेन त्यांच्याकडून. एजंट म्हणतो, सही कर आणि इथेच थांब. मी काय करू?

उत्तर : लोनवर जा. राइट-बॅक खेळायला शीक, पण सेंटर-बॅक सोडू नकोस. करारावर सही कर, मात्र आत्ता समोर आलेल्या मसुद्यावर नको. आणि ते रोजचे ५० हेडर आजपासून बंद कर.

लाल कार्डापासून सुरुवात करू, कारण तुझं मन तिथेच अडकलेलं दिसतंय. तुझ्यावर अन्याय झालेला नाही. २०१६ मध्ये नियम बदलला हे खरं, पण तो बदल एका विशिष्ट परिस्थितीपुरता आहे. गोलची स्पष्ट संधी हिरावणारा फाउल स्वतःच्या पेनल्टी बॉक्समध्ये झाला आणि बचावपटू खरोखर चेंडू खेळायला गेला होता, तरच पेनल्टीसोबत पिवळं कार्ड. ओढणं, धरणं, ढकलणं यात चेंडू खेळण्याचा प्रयत्न नसतो, त्यामुळे तिथे लाल कार्ड कायम आहे. संधी 'स्पष्ट' होती की नाही हे ठरवताना रेफरी चार गोष्टी पाहतो: गोलपासूनचं अंतर, खेळाची दिशा, चेंडू त्या खेळाडूच्या ताब्यात येण्याची किंवा राहण्याची शक्यता, आणि बाकीचे बचावपटू किती व कुठे आहेत. हे चार मुद्दे पाठ कर. मैदानावर ते आठवायला वेळ नसतो, पण एकदा अंगवळणी पडले की हात आपोआप आवरतो. स्ट्रायकर निसटलाच, तर त्याच्या पाठीवर न धावता गोलच्या मध्याकडे धाव. त्याला बाहेरच्या बाजूला जावं लागतं, कोन अरुंद होतो आणि गोलकीपरला पुढे यायला वेळ मिळतो. समज, गोल झालाच, तरी तुम्ही अकरा जण उरता आणि पुढच्या सामन्यात तू संघात असतोस.

मुळात चूक शर्ट ओढण्याआधी तीन-चार सेकंद झालेली असते. क्लबच्या व्हिडिओ विश्लेषकाकडून ती क्लिप माग आणि फाउलच्या दहा सेकंद आधीपासून पाहा. पहिलं बघ, पास देणाऱ्यावर कुणाचा दबाव होता का. तो मान वर करून, मोकळेपणाने पाय मागे नेत असेल, तर बचावफळीने त्याच क्षणी चार-पाच पावलं मागे सरकायला हवं. त्याची पाठ आपल्या गोलकडे असेल, किंवा त्याने मागे पास दिला, तर उलट सगळ्यांनी पुढे यायचं. दबाव नसताना रेषा वर ठेवून उभं राहणं हे सेंटर-बॅकच्या गोत्यात येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे. दुसरं, तुझे पाय कसे होते ते पाहा. दोन्ही खांदे चेंडूकडे आणि पावलं समांतर असतील, तर मागे वळताना एक अख्खं पाऊल वाया जातं. तेवढ्यात स्ट्रायकर दीड-दोन मीटर पुढे जातो आणि मग हात शर्टाकडे जातो. एक पाऊल मागे, शरीर तिरकं, गुडघे किंचित वाकलेले, वजन पुढच्या चवड्यांवर, असं उभं राहिलं की वळणं आणि धावणं एकाच हालचालीत होतं. तिसरं, पास सुटण्याआधीच्या त्या सेकंदांत तुझी मान किती वेळा वळली ते मोज. एकदाही वळली नसेल, तर स्ट्रायकर कुठे आहे हे तुला ठाऊकच नव्हतं.

यासाठी सराव सोपा आहे. एक जण ३५-४० मीटरवर चेंडू घेऊन, एक स्ट्रायकर तुझ्या खांद्यामागे. पास देणारा कधी खरा लांब पास देईल, कधी पाय अडवून चेंडू मागे देईल. त्याचा पाय मागे जाताच तू ठरवायचं, मागे की पुढे. आठ वेळा, मग विश्रांती, असे तीन फेरे. आठवड्यातून दोनदा पुरे. थकल्यावर हा सराव करू नकोस, कारण इथे पायांपेक्षा निर्णयाला वळण लावायचं आहे.

आता उंची. १७८ सेंटिमीटर ही सेंटर-बॅकसाठी कमी बाजू आहे, हे आम्ही झाकून ठेवणार नाही. अनेक क्लब आपल्या यादीतून कमी उंचीची नावं आधीच गाळतात. पण फाबिओ कान्नावारोची उंची १७६ च्या आसपास होती, आणि २००६ मध्ये तो इटलीचा विश्वविजेता कर्णधार झाला आणि वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ऑर पुरस्कारही जिंकला. फ्रँको बारेसी साधारण तेवढाच. हाविएर मास्चेरानो मिडफिल्डर होता. बार्सिलोनाने त्याला बचावफळीत आणलं. लिसांद्रो मार्टिनेझ १७५ चा आहे. ही माणसं अपवाद आहेत हे मान्य, पण त्यांच्यात जे समान आहे ते शिकण्याजोगं आहे. त्यांना चेंडू कुठे पडणार ते लवकर कळतं, ते पायाने उत्तम पास देतात आणि हवेतला चेंडू जिंकायच्या हट्टाला पेटत नाहीत. उंच स्ट्रायकरविरुद्ध तुझं काम हेडर मारणं हे नाही, त्याला नीट हेडर मारू न देणं हे आहे. त्याला चिकटून उभा राहू नकोस, एक-दीड मीटर मागे राहा, म्हणजे तुला धावत येऊन एका पायावर उडी घेता येते. तो जागेवरून दोन पायांवर उडतो, तेव्हा ती तफावत बरीच भरून निघते. उडीआधी खांद्याने कायदेशीर टक्कर दे, हात खाली ठेव. आणि हेडरनंतर खाली पडणाऱ्या चेंडूवर कोण जाणार हे आधीच सहकाऱ्याला ओरडून सांग.

५० हेडरबद्दल मात्र आम्ही कडक बोलणार आहोत. स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंवर ग्लासगोमध्ये मोठा अभ्यास झाला. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सामान्य लोकांच्या साडेतीन पट आढळलं, हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२१ मध्ये त्याच संशोधकांनी खेळण्याच्या जागेनुसार आकडे पाहिले: या आजारांचा धोका बचावपटूंमध्ये सर्वाधिक, जवळपास पाच पट, आणि गोलकीपरमध्ये सामान्य लोकांइतकाच. त्याच वर्षी इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने सरावात आठवड्याला जास्तीत जास्त दहा जोरदार हेडर अशी मार्गदर्शक मर्यादा घातली. जोरदार म्हणजे ३५ मीटरपेक्षा लांबून आलेले पास, क्रॉस, कॉर्नर आणि फ्री-किक यांवरचे. तू त्या मर्यादेच्या कित्येक पट जास्त हेडर मारतोयस, आणि त्यातून मिळतंय फार थोडं, कारण तुझी अडचण कपाळाच्या जोराची नाहीच, उडीच्या वेळेची आहे. वेळ साधायला हेडर लागत नाही. सहकाऱ्याला चेंडू हाताने उंच टाकायला सांग आणि उडी मारून सर्वांत वरच्या बिंदूवर तो दोन्ही हातांनी पकड. असे वीस-पंचवीस झेल घे. खरे हेडर आठवड्यात आठ-दहा, तेही ताजेतवाने असताना. आणि डोक्याला मार बसून गरगरलं, मळमळलं किंवा काही क्षण आठवेनासे झाले, तर त्याच मिनिटाला बाहेर ये.

राइट-बॅकच्या सल्ल्याचा राग मानू नकोस. कोच तुला हाकलत नाहीत, ते तुझ्यासाठी मिनिटं शोधत असावेत. पण त्या जागेची मागणी वेगळी आहे. सेंटर-बॅक सामन्यात साधारण नऊ-दहा किलोमीटर धावतो, फुल-बॅक (कडेचा बचावपटू) त्याहून थोडं जास्त. मोठा फरक वेगात धावण्याचा असतो. फुल-बॅकला ३०-४० मीटरच्या दौडी पुनःपुन्हा काढाव्या लागतात आणि लगेच परत यावं लागतं. शिवाय मैदानाच्या कडेला विंगरशी (कडेने हल्ला करणाऱ्याशी) एकास एक गाठ पडते, तिथे मागे आधार नसतो. मोकळ्या जागेत त्याच्यापासून हातभर अंतर ठेव, त्याच्या दुबळ्या पायाकडे वाट दाखव, आणि चेंडू त्याच्या पायापासून सुटेपर्यंत टॅकलसाठी पाय टाकू नकोस. तुझ्यासाठी सर्वांत योग्य जागा आम्हाला वेगळीच दिसते: तीन सेंटर-बॅकच्या रचनेतला उजवीकडचा. त्याला हवेत कमी लढावं लागतं, बाहेर येऊन विंगर रोखावा लागतो आणि चेंडू घेऊन पुढे जाता येतं. २०१९ पासून गोल-किकचा पास सहकाऱ्याला बॉक्सच्या आतच घेता येतो, तेव्हापासून दबावाखाली शांतपणे पास देणाऱ्या बचावपटूची किंमत खूप वाढली आहे. चेंडू मागच्या पायावर घेऊन एका स्पर्शात शरीर पुढच्या दिशेला वळवणं तुला नीट जमत असेल, तर उंचीचा प्रश्न बराच मागे पडतो.

लोन का, ते सांगतो. बचावपटू उशिरा पिकतो. त्याची समज प्रौढ खेळाडूंच्या स्पर्धेत, गुण पणाला लागलेले असतानाच वाढते. राखीव संघाच्या सामन्यात चूक झाली तर कुणाची नोकरी जात नाही. नेदरलँड्सचा सेंटर-बॅक व्हर्जिल व्हॅन डायक २०१३ मध्ये ग्रोनिंगेनहून सेल्टिकला गेला, २०१५ मध्ये साउदॅम्प्टनला आणि जानेवारी २०१८ मध्ये ७.५ कोटी पौंडांना लिव्हरपूलला. देशाकडून पहिला सामना त्याला २४ व्या वर्षी मिळाला. जर्मनीचा फिलिप लाम तर १७० सेंटिमीटरचा. बायर्नने त्याला २००३ ते २००५ अशी दोन वर्षं स्टुटगार्टला लोनवर दिलं, तिथे तो लेफ्ट-बॅक म्हणून घडला आणि परत येऊन बायर्नच्या पहिल्या संघात कायमचा बसला. पुढच्या मोसमात तुला किमान १,८०० मिनिटं, म्हणजे पूर्ण २० सामने मिळायला हवेत. १,२०० च्या खाली गेलं, तर क्लब कितीही मोठा असो, ते वर्ष हातचं गेलं असंच आम्ही धरू.

मात्र सगळे लोन सारखे नसतात. तिथल्या कोचशी स्वतः बोल आणि एकच प्रश्न विचार: 'मी कोणाच्या जागी खेळणार?' नाव मिळालं तर बोलणं पुढे ने. 'स्पर्धा निरोगी आहे' असं उत्तर आलं तर समज, तू चौथा पर्याय आहेस. त्या क्लबकडे किती सेंटर-बॅक आहेत, त्यांचे करार कधी संपतात, गेल्या दोन मोसमांत २२ वर्षांखालच्या किती बचावपटूंना त्यांनी खेळवलं, हे पाहून ठेव. कोचची खुर्ची डळमळीत असेल तर तेही मनात धर. कोच बदलला की लोनवरचा खेळाडू आधी बाहेर बसतो, कारण तो क्लबची मालमत्ता नसतो. लोनच्या करारात दोन गोष्टी मागून घे. ठरलेल्या मिनिटांपेक्षा कमी खेळवलं, तर त्या क्लबने तुझ्या क्लबला जास्त रक्कम द्यायची. आणि मोसमाच्या मधल्या ट्रान्सफर विंडोत (क्लब बदलण्याच्या ठरलेल्या काळात) तुझ्या क्लबला तुला परत बोलावण्याचा हक्क. एक बारीक नियमही ध्यानात ठेव. फिफाच्या नियमांनुसार एका मोसमात खेळाडूची नोंदणी तीन क्लबांत होऊ शकते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. मोसमाच्या सुरुवातीला तुझ्या क्लबने तुला एखाद्या अधिकृत सामन्यात दोन मिनिटं उतरवलं आणि मग तू लोनवर गेलास, तर तिथे बिनसल्यावर तिसऱ्या क्लबकडून त्या मोसमात खेळणं सहसा शक्य होत नाही. म्हणून लोन पक्कं होत असेल तर आधीच्या सामन्यात बाहेर बसायची विनंती कर.

कराराबाबत तुझ्या हातात वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. करार संपायला सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी आगाऊ करार करायची मुभा फिफाचे नियम देतात, आणि क्लबला ती तारीख पक्की ठाऊक असते. घाई त्यासाठीच आहे. तरी सही न करता थेट लोनवर जा असं आम्ही सांगणार नाही. गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध फाटला तर परतायला साधारण नऊ महिने लागतात. तेवढ्यात करार संपला, तर उपचार आणि पगार दोन्ही हवेत राहतात. शिवाय 'फुकट' जाणंही नेहमी फुकट नसतं. वयाची २३ वर्षं ज्या कॅलेंडर वर्षात पूर्ण होतात ते संपेपर्यंत परदेशी क्लबला तुझ्या आधीच्या क्लबांना प्रशिक्षण भरपाई द्यावी लागू शकते, आणि लहान क्लब तिथेच माघार घेतात.

म्हणून प्रस्ताव बदलून माग. 'तीन अधिक एक' मधला तो एक वर्षाचा पर्याय कोणाचा आहे ते वाच. तो फक्त क्लबचा असेल, तर तू चार वर्षं बांधलेला आणि क्लब तीनच वर्षं. तो काढायला सांग. नाहीच काढला, तर पर्याय वापरल्यास पगार किती वाढेल तो आकडा आत्ताच लिहून घे आणि पर्याय कळवायची शेवटची तारीखही ठरव. क्लीन शीटच्या (एकही गोल न खाल्लेल्या सामन्याच्या) बोनसमध्ये किती मिनिटं खेळल्यावर तो लागू होतो ते पाहा; ६० मिनिटं असेल तर बदली बचावपटूला तो जवळजवळ कधीच मिळत नाही. सामन्यांच्या संख्येवर पगारवाढ ठेव, आणि लोनवरचे सामने त्यात धरले जातील असं स्पष्ट वाक्य घाल. संघ खालच्या डिव्हिजनमध्ये घसरला तर पगार किती टक्के कापला जाईल, तेही तपास. नवा करार आणि लोन यांवर एकाच दिवशी सही व्हायला हवी. 'आधी सही कर, लोनचं नंतर पाहू' याला अजिबात होकार देऊ नकोस.

लोनचा क्लब पगाराचा वाटा उचलणार असेल, तर तो थकल्यास तुझा क्लब देईल हे कागदावर असू दे. फिफाचा नियम असा की दोन महिन्यांचे पगार बेकायदा थकले आणि क्लबला लेखी नोटीस देऊन १५ दिवस वाट पाहूनही पैसे आले नाहीत, तर खेळाडू करार मोडू शकतो. देशांतर्गत करारांना स्थानिक नियम किंवा खेळाडू संघटनेचा करार लागू असू शकतो, तेव्हा सहीआधी संघटनेच्या वकिलाला मसुदा दाखव.

एजंटला दोन प्रश्न विचार: नव्या करारावर तुला किती फी मिळते, आणि क्लबकडूनही तू फी घेतोयस का? लांब करारातून एजंटला लगेच मिळतं, लोनमधून फारसं नाही. त्याचा सल्ला एवढ्यामुळे खोटा ठरत नाही, पण तो का दिला हे तुला कळलं पाहिजे. त्याच्याशी तुझा करार दोन वर्षांपेक्षा लांब किंवा आपोआप वाढणारा नसावा.

शरीराचं थोडक्यात. हॅमस्ट्रिंगसाठी (मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी) नॉर्डिक व्यायाम: गुडघ्यांवर ताठ राहून, घोटे कुणीतरी धरून, पुढे शक्य तितकं सावकाश झुकायचं. पहिल्या आठवड्यात एकदाच, पाच-पाचचे दोन सेट. मग वाढवत पाचव्या आठवड्यापर्यंत आठवड्यातून तीनदा १२, १० आणि ८. दहा आठवड्यांनंतर आठवड्यातून एकदा तेवढंच केलं तरी पुरतं. सुरुवातीलाच पूर्ण मात्रा घेतली की मांड्या इतक्या दुखतात की खेळाडू व्यायामच सोडून देतात. जांघेसाठी कोपनहेगन व्यायाम (कुशीवर होऊन, वरचा पाय कुणीतरी धरून, कंबर उचलायची) जोडीला ठेव. हे दोन्ही व्यायाम सामन्याच्या आदल्या दोन दिवसांत नकोत. लोनवर जाताना तुझ्या फिजिओकडून दुखापतींची नोंद आणि व्यायामाची मात्रा लिहून घे. नव्या क्लबमध्ये पहिल्या तीन आठवड्यांत सरावाचा ताण अचानक वाढतो आणि स्नायू तिथेच फाटतात.

हातात १४ दिवस आहेत. पहिल्या दोन दिवसांत खेळाडू संघटनेच्या वकिलाला मसुदा पाठव आणि लोनच्या क्लबच्या कोचला स्वतः फोन कर, एजंटमार्फत नको. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत त्यांचे तीन पूर्ण सामने पाहा. त्यांची बचावफळी किती वर उभी राहते आणि गोलकीपर मागची जागा सांभाळतो का, याकडे नजर ठेव. मग आपल्या कोचकडे जा आणि सांग की राइट-बॅकचा सराव आठवड्यातून एकदा करायची तयारी आहे. त्यांच्या मनात पुढच्या मोसमात तुझ्यासाठी किती सामने आहेत तेही तिथेच विचार. दहाव्या दिवसापर्यंत क्लबला बदललेल्या अटी लेखी कळव. बाराव्या दिवशी लोनच्या क्लबकडून जागेचं नाव आणि मिनिटांची अट आलेली नसेल, तर क्लबकडून आणखी आठवडाभराची मुदत माग आणि एजंटला दुसऱ्या डिव्हिजनमधले आणखी दोन क्लब शोधायला लाव.